डबाभर वाल

कुणाच्याही घरी गेले की मास्तर आधी प्लग कुठे आहे ते बघत. पाणी नंतर, चहा नंतर. भिंतीवरून नजर फिरवून म्हणत, "दोन प्लग. एकावर फ्रिज, दुसऱ्यावर इस्त्री, मिक्सर आणि तिघांचे मोबाईल. म्हणजे या घरातला मुलगा सकाळी अभ्यास करू शकत नाही." यजमानांना कळत नसे की हे कौतुक आहे की तक्रार. दोन्ही नसायचं. ती नोंद असायची, आणि घरी जाऊन ती वहीत उतरवली जायची.

मीरा रोडच्या एका कॉलेजात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो आणि ते माझ्या हाताखाली करारावर शिकवत. मी त्यांना मास्तर म्हणत असे, ते मला साहेब म्हणत. त्या 'साहेब'मध्ये थोडी टोचणी होती, पण ती मला आवडायची. बाकीचे सहकारी त्यांना मागून 'मोजणी खातं' म्हणत, कारण हा माणूस सतत काहीतरी मोजत असे. लिफ्ट येईपर्यंतचा वेळ, फळा ओला पुसल्यावर वाळायला लागणारा वेळ, एका तासात वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलं किती वेळा वर बघतात ते.

त्यांचा लॅपटॉप बघून लोक हसत. त्याची बिजागरी तुटलेली, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून पडदा बांधलेला. सुरू केला की पंखा असा घरघरायचा की स्टाफरूममधलं बोलणं थांबायचं. विभागात नवीन यंत्रं आली तेव्हा मी त्यांच्यासाठी एक बाजूला ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

"साहेब, नवीन यंत्रावर सगळंच चालतं. त्यामुळे काही कळत नाही."

"काय कळायचंय तुम्हाला?"

"मुलांच्या घरी चालेल की नाही, ते."

आता मुद्द्याचं. कॉलेजच्या जुन्या अहवालात, आणि अलीकडे झालेल्या त्यांच्या शोकसभेतल्या एका भाषणात, असं आलं आहे की आमच्या पहिल्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी भाषा आणि साधनं मास्तरांनी निवडली आणि ती निवड चुकली. हे खोटं आहे. ते खोटं मी लिहिलं. त्या वेळी मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो, म्हणजे न कळत्या वयाची सबबही मला नाही.

तो अभ्यासक्रम विदा विश्लेषणाचा, म्हणजे डेटा ॲनालिसिसचा होता. दोन वर्षांचा, पूर्ण घरबसल्या. कॉलेजं बंद राहिल्याच्या काळात सगळ्यांना ऑनलाइनची सवय लागली होती, आणि संस्थेला वाटलं, आता हे कायमचं करू. प्रोग्रामिंगची कुठली भाषा शिकवायची आणि मुलांनी घरी कुठल्या साधनावर काम करायचं, हे ठरवायला समिती नेमली. मास्तर निमंत्रक. मी अध्यक्ष आणि इतिवृत्त लिहिणाराही मीच.

पहिल्या बैठकीत व्हायचं तेच झालं. जो तो आपण ज्या भाषेत शिकलो तीच कशी खरी हे सांगू लागला. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, सी प्लस प्लसशिवाय डोकं घडत नाही. संख्याशास्त्राच्या बाई म्हणाल्या, विदा म्हटलं की आर ही भाषा, दुसरं काही नाही. कुणी जावा म्हणालं, नोकऱ्या तिथे आहेत म्हणून. मी पायथॉनच्या बाजूने होतो, कारण तेव्हा सगळीकडे तेच नाव ऐकू येत होतं. शेवटी मी मास्तरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मुलगी घरात एकटी बसलीय. पडद्यावर लाल अक्षरात चूक आलीय. शेजारी कुणी नाही, सर नाहीत, मैत्रीण नाही. ते लाल वाचून तिला काय कळेल? त्यावरून भाषा ठरवू."

सगळे हसले. मास्तरांनी मात्र तेच केलं. एकच छोटी चूक त्यांनी चार भाषांत मुद्दाम केली, आलेले चार लाल मजकूर कागदावर छापून घेतले आणि आमच्या कॉलेजसमोरच्या किराणा दुकानदाराकडे गेले. हे गुजराती गृहस्थ दहावी शिकलेले. मी सोबत होतो, म्हणून हे ऐकीव नाही.

"शेठ, इसमें से समझ में कौन सा आता है?"

शेठनी चष्मा लावला. गिऱ्हाईक थांबवून चारही कागद वाचले. मग एकावर बोट ठेवून म्हणाले, "ये वाला बोलता है, सात नंबर लाइन पे गडबड है, जा के देखो. बाकी तीन तो गाली दे रहे हैं."

तो पायथॉनचा होता. पुढच्या बैठकीत मास्तरांनी शेठचा अभिप्राय जसाच्या तसा वाचून दाखवला आणि भाषेचा प्रश्न मिटला. मला हवी होती तीच भाषा ठरली, म्हणून त्या दिवशी मला त्यांच्या पद्धतीचं कौतुक वाटलं. पद्धत तीच राहिली आणि उत्तर माझ्या विरुद्ध गेलं, तेव्हा ते आटलं.

राहिला प्रश्न साधनाचा. एका कंपनीचे लोक येऊन आम्हाला एक ऑनलाइन प्रयोगशाळा दाखवून गेले होते. मुलांनी घरी काहीच बसवायचं नाही, ब्राउझर उघडायचा, सगळं तिथेच. आमच्या सभागृहात, कॉलेजच्या वेगवान नेटवर, ती पाण्यासारखी चालली. निळ्या पडद्यावर आलेख सरसर उमटत होते. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. जाताना आपल्या नावावर एक चकचकीत गोष्ट असावी असं मला वाटत होतं. ती मला समोर दिसली.

मास्तरांचं म्हणणं उलट होतं. साधा मजकूर लिहिण्याचा एक छोटा प्रोग्राम, आणि पायथॉन एकदाच पेनड्राइव्हवरून प्रत्येकाच्या यंत्रावर बसवून द्यायचा. नेट नसलं तरी काम चाललं पाहिजे. गृहपाठ म्हणजे एक छोटी फाइल, दिवसातून कधीतरी दोन मिनिटं रेंज आली की पाठवून द्यायची.

"मास्तर, हे वीस वर्षांपूर्वीचं झालं," मी म्हणालो.

"घरंही वीस वर्षांपूर्वीचीच आहेत, साहेब."

मग मी एक हुशारी केली. प्रवेश घेतलेल्या सगळ्या मुलांना मी एक ऑनलाइन फॉर्म पाठवला: तुमच्याकडे इंटरनेट कसं आहे? ज्यांची उत्तरं आली त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी 'चांगलं' असं लिहिलं होतं. मी तो कागद मास्तरांपुढे विजयाने ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि इतके हसले की डोळे पुसावे लागले.

"साहेब, ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी हात वर करा, असं तुम्ही माइकवरून विचारलंत."

मला ते कळलं. तिथल्या तिथे कळलं. पण चार लोकांसमोर कळलं, आणि ती गोष्ट मी मनात ठेवली.

ज्यांची उत्तरं आली नव्हती त्यांची यादी घेऊन मास्तर स्कूटरवर निघाले. नया नगरमध्ये एका खोलीत सातजण राहणाऱ्या मुलाकडे, हाटकेशला कारखान्याच्या गाळ्यात दिवसभर काम करून शिकणाऱ्याकडे, आणि समुद्रकाठच्या कोळीवाड्यात, पालीला. सोबत तो ट्यूबने बांधलेला लॅपटॉप आणि स्टीलचा एक डबा. डब्यात भिजवून मोड आणलेले वाल.

वालांचं सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यापाशीच अडलं. मास्तरांच्या पत्नी अलिबागकडच्या. घरात दिवसाआड बिरडं, आणि वाल सोलायचं काम मास्तरांचं. पडद्यावर काही उघडत असलं, चकरी फिरत असली, की ते वाल सोलत. त्यातूनच त्यांचं माप तयार झालं. एखादं पान उघडायला किती वेळ लागतो, तर अकरा वाल. वहीत तसंच लिहीत. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान: नाव, राहण्याची जागा, यंत्र कुणाचं, प्लग किती, रेंज घरात कुठे येते, आणि मग वाल.

"घड्याळ नाही का तुमच्याकडे?" मी चिडून विचारलं होतं.

"आहे की. पण घड्याळात सेकंद कळतात. वाट बघणं कळत नाही. चाळीस सेकंद म्हटलं की तुम्ही म्हणता, ठीक आहे. हातात चाळीस सालं जमली की कळतं."

बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी ती वही माझ्या टेबलावर ठेवली. "उद्या समितीपुढे ठेवा. मी बोलताना अडखळतो, वही अडखळत नाही."

मी ती उघडली. मधल्याच एका पानावर होतं: 'ग्रेसी. पाली. भावाचा फोन, संध्याकाळी बोटीवरून भाऊ आल्यावर मिळतो. रेंज घरात नाही, गच्चीवर सुक्या मासळीच्या बांबूंजवळ. प्रयोगशाळा उघडायला चव्वेचाळीस वाल. उघडली. चार ओळी लिहिल्या. बंद. पुन्हा उघडायला साठ वाल. लिहिलेलं गेलं.'

अशी वीस-बावीस पानं होती. आज मी ती वाचतो तेव्हा मला वाटतं, इतका स्पष्ट अहवाल मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. त्या दिवशी मला एवढंच वाटलं, की प्राचार्य आणि संस्थेच्या लोकांसमोर मी वालांत मोजलेला अहवाल ठेवू? मी वही खणात ठेवली आणि खण लावला.

बैठक ऑनलाइन होती. मास्तरांनी एक गोष्ट मला न सांगता ठरवली होती. ते बैठकीला पालीहून बसले, ग्रेसीच्या गच्चीवरून, तिच्या भावाच्या फोनवरून. पडद्यावर त्यांचा चेहरा आला तेव्हा मागे बांबू आणि थोडा समुद्र दिसत होता, आणि बाजूने ग्रेसीच्या आईचा आवाज येत होता, "मास्तर, हितं नका उभं राहू, न्हाय येत. तिकडं सरका, तिकडं हाय."

"नमस्कार," मास्तर म्हणाले. "मी आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरून बोलतोय. आज जे काही होईल ते..."

तिथे त्यांचा चेहरा थिजला. तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले. दहा-बारा सेकंद तसाच राहिला आणि मग चौकोन काळा झाला.

सगळे हसले. प्राचार्य म्हणाले, "सरांचं नेट गेलं वाटतं." पुन्हा हसले. आपल्याला आत्ताच पुरावा दाखवला गेला, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मला पक्कं कळलं की त्या माणसाने आपलं पूर्ण म्हणणं त्या काळ्या चौकोनात मांडून ठेवलंय, आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: "थांबा. हेच ते सांगत होते."

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. फोनवर बोलण्याइतकी रेंज आली असणार. कुणाचा फोन आहे हे मला नंबर न ओळखता कळलं. मी आवाज बंद केला. तो टेबलावर थरथरत राहिला. थांबला. पुन्हा थरथरला. प्राचार्य म्हणाले, "मग, घ्यायचा निर्णय?" तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी तो पालथा ठेवला आणि म्हणालो, "निमंत्रकांशी माझं बोलणं झालेलं आहे. हरकत नाही."

त्या संध्याकाळी मी इतिवृत्तात लिहिलं: 'निमंत्रकांसह सर्वानुमते ऑनलाइन प्रयोगशाळेस मंजुरी.'

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या केबिनमध्ये आले. बसले नाहीत.

"फोन केला होता, साहेब. तीनदा."

"अहो, सायलेंटवर होता. बघा ना, नंतर बघितलं मी."

ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. मोजत असावेत. मग म्हणाले, "बरं. वही दाखवलीत?"

"वेळच कुठे मिळाला? पण झालंय ते झालं. सुरू करू, अडचण आली तर बदलू."

"बदलू म्हणालात. लक्षात ठेवा." एवढंच. वही त्यांनी परत मागितली नाही.

अडचण पहिल्याच महिन्यात आली आणि मी बदललं नाही. ज्यांच्या घरी नेट चांगलं होतं ती मुलं भराभर पुढे गेली आणि त्यांच्याकडे बघून मी खूश होतो. मास्तरांच्या वहीतली मुलं एकेक करून हजेरीतून नाहीशी झाली. सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ग्रेसीचा पेपर दोनदा मधेच तुटला आणि तिसऱ्यांदा कोरा जमा झाला. तिने अभ्यासक्रम सोडला. वर्ष संपताना निम्मा वर्ग गळाला होता.

संस्थेने चौकशी बसवली. बाहेरून आलेले एक वयस्कर गृहस्थ, शांत बोलणारे. त्यांच्यासमोर माझं इतिवृत्त होतं. त्यांनी मास्तरांना विचारलं, "आपण निमंत्रक होतात. मुलांच्या घरी जाऊन पाहणीही आपणच केली, असं ऐकतो. मग हे साधन कसं सुचवलंत?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदाकडे पाहत होतो. त्यावर काय लिहिलं होतं ते आज आठवत नाही, बहुधा काहीच नसेल. खोलीत पंखा फिरत होता. मला वाटलं, आता हा माणूस तीन फोनांचं सांगणार, वहीचं सांगणार, आणि माझं संपणार. मला भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, त्या भीतीत थोडी सुटकाही होती.

"तशी नोंद असेल, तर साहेबांनी विचार करूनच केली असेल," मास्तर म्हणाले.

गृहस्थांनी ते कबुली म्हणून घेतलं. पुढच्या वर्षी मास्तरांचा करार वाढवला गेला नाही. त्या कागदावर विभागप्रमुख म्हणून सही माझीच होती.

नंतर ते हाटकेशला एका गाळ्याच्या वरच्या खोलीत शिकवत. जुनी यंत्रं, नेट नाही. खालून लेथचा आवाज. मी दोनदा त्या रस्त्याने गेलो आणि दोन्ही वेळा वर गेलो नाही. एकदा ते स्वतः मला बाजारात भेटले, भाजीवाल्याकडे वाल निवडत होते. "साहेब, तब्येत कशी? निवृत्तीत काय करताय?" असं विचारलं, जणू काही झालंच नव्हतं. मी म्हणालो, वाचतोय, फिरतोय. पिशवी वर करून म्हणाले, "कडवे आहेत. हेच चांगले." आणि गेले. त्यांनी एकदा तरी मला शिवी दिली असती तर मी हे केव्हाच लिहिलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ही पण एक सबबच.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. शोकसभेत मला व्यासपीठावर बसवलं होतं. एक वक्ते चांगल्या मनाने म्हणाले, "एवढी एक निवड चुकली सरांची, पण माणूस सोन्यासारखा." लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

सभा संपल्यावर एक तरुण बाई माझ्याजवळ आल्या. "सर, ओळखलंत? मी ग्रेसी. पालीची."

मी ओळखलं नव्हतं. पडद्यावरच्या छोट्या चौकोनापलीकडे मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. ती आता अंधेरीला एका कंपनीत विदा विश्लेषणाचंच काम करते. शिकली हाटकेशच्या त्या खोलीत. ती सोडून गेल्याचं कळलं तसे मास्तर स्वतः पालीला गेले होते, पेनड्राइव्ह घेऊन. "रोज एक फाइल पाठवायचे सर," ती म्हणाली. "मी गच्चीवर गेले की यायची. एवढीशी. लगेच यायची."

मग म्हणाली:

"सर, एक विचारू? त्या मीटिंगच्या दिवशी ते आमच्याकडे होते ना. नेट गेलं, मग भावाच्या फोनवरून तुम्हाला लावत होते. तीनदा लावला. मग म्हणाले, साहेब करतील आता, मिस्ड कॉल बघितला की करतील. डबा उघडून बसले. आई पण बसली सोलायला. अंधार पडायला आला, भाऊ फोन मागायला लागला, तरी म्हणाले, थांब रे जरा. वाल सगळे संपले, सर. डबा रिकामा झाला. आई म्हणाली, मास्तर, तुमचे साहेब का न्हाय उचलत? तर म्हणाले, त्यांच्याकडे रेंज नसेल." तिने माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडे पण नव्हती ना, सर, त्या दिवशी?"

तिच्या विचारण्यात काही टोचणी नव्हती. तिने ते खरं मानलं होतं, कारण मास्तरांनी सांगितलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. व्यासपीठावर नुकतीच हलवली होती.

"होती," मी म्हणालो. "चांगली होती."

लोक खुर्च्या आवरत होते. मग तिने विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. अगदी त्यांच्यासारखं. आणि गेली.

ती वही अजून माझ्याकडे आहे. खण बदलला, घर बदललं, वही राहिली. या लेखाबरोबर ती मी कॉलेजला पाठवतो आहे, आणि तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, मास्तर लिहीत तशीच, एक नोंद माझ्या हाताने केली आहे. कॉलेजने जुनं इतिवृत्त दुरुस्त करावं, अशी माझी विनंती आहे. ते जमत नसेल तर निदान ही नोंद त्याला जोडावी:

'ऑनलाइन प्रयोगशाळेचा ठराव सर्वानुमते नव्हता. निमंत्रकांचा विरोध होता आणि तो लेखी माझ्याकडे होता. बैठकीच्या वेळी ते पालीला होते. त्यांनी तीनदा फोन केला. माझ्याकडे रेंज होती. उत्तर येण्यास लागलेला वेळ: पूर्ण डबा. उत्तर आलं नाही.'

खाली सही केली आहे.